सत्काराची जागा

आमच्या बँडचं नाव 'पाचट'. ऊस तोडून झाल्यावर रानात जो वाळका पाला उरतो, ते पाचट. नाव आमच्यात गाणाऱ्या स्वप्नालीनं ठेवलं आणि गावानं त्याचा काढायचा तो अर्थ काढलाच. "नाव पाचट, गाणीबी पाचट," असं नांदूरघाटच्या स्टँडवर चहा पिणारं कुणीही म्हणतं. म्हणू द्या. पुण्याला वाजवलं तेव्हा एका पोरानं आम्हाला विचारलं, तुम्ही अल्टरनेटिव्ह रॉक वाजवता ना? आमचा बेस गिटारवाला आदिनाथ लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, आम्ही आमचं वाजवतो, तू त्याला काय म्हणायचं ते म्हण. मला असल्या प्रश्नांचा राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, म्हणूनच मी ड्रम वाजवते.

मी वनमाला. दिवसा एसटीत कंडक्टर, सुट्टीच्या दिवशी ड्रमर. वाजवायला शिकले ती शाळेत. आई-बाप ऊसतोडीला गेले की आम्हा पोरांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवायचे. तिथं सव्वीस जानेवारीच्या संचलनाचा ढोल माझ्या गळ्यात पडला, कारण तो उचलणारा पोरगा आई-बापांच्या मागं कारखान्यावर पळून गेला होता. ढोल गळ्यात पडला तो पडलाच. गुरुजी म्हणायचे, जरा हळू. मी आजपर्यंत हळू वाजवायला शिकले नाही.

बँड सुरू झाला तो नोटाबंदीच्या साली, सत्तारभाईंच्या गॅरेजमध्ये. सत्तारभाई मोटारसायकली दुरुस्त करतात. त्याआधी ते लग्नाच्या बँजो पार्टीत होते. बँजो म्हणजे आपला वरातीतला, तारांवर बटणं असलेला, भोंग्यातून अख्ख्या गल्लीला उठवणारा. एका वरातीत ॲम्प्लिफायरचा स्पीकर फाटला आणि बँजोचा आवाज खरखरत, चिरफाळत बाहेर आला. नवरदेवाचा मामा मारायला धावला. सत्तारभाईंना मात्र तो आवाज इतका आवडला की त्यांनी स्पीकर दुरुस्तच केला नाही, पार्टी सोडली आणि तो ॲम्प्लिफायर गॅरेजात आणून ठेवला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून ते एकटेच वाजवत बसायचे. त्यांची बायको हाफिजा म्हणायची, "गाडीबी फाटकी, बाजाबी फाटका, आन् ह्यांना दोन्हीबी गोड लागतंय."

तिथं आदिनाथ गाडीचा प्लग साफ करून घ्यायला आला. त्याच्या घरचं खता-बियाण्याचं दुकान, घरात पुढारीपण. पोराला इंजिनियर करायला पुण्याला धाडलेलं, पोरगा परत आला तो अर्धं शिक्षण आणि एक आख्खी बेस गिटार घेऊन. शटरखालून तो आवाज ऐकला आणि हा वाकून आत गेला. पुण्यात चार बँडमध्ये जे शोधत होता ते त्याला आमच्या स्टँडमागं सापडलं. मग लातूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना ड्रम सेट आणला आणि वाजवणार कोण म्हणून मला बोलावलं. गायला स्वप्नाली. ती अंगणवाडी सेविका आहे. सकाळी पोरांकडून बडबडगीतं म्हणून घेते आणि संध्याकाळी त्याच गळ्यानं गॅरेजचं शटर हलवते. गाण्यांचे शब्द तिचे, चाल चौघांची.

आता आमच्या भागात कार्यक्रम कसा होतो ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आलं आहे.

उपसरपंचांच्या वाढदिवसाला आमचा पहिला कार्यक्रम होता. दुसरं कडवं सुरू होतं आणि स्टेजवर बजरंग चढला. बजरंग विम्याची कामं करतो, पण त्याची खरी ओळख म्हणजे पंचक्रोशीतला एकमेव निवेदक. त्यानं स्वप्नालीच्या हातातून माईक घेतला, अगदी सहज, जसा आपण पोराच्या हातातून चमचा घेतो. "आत्ताच आपल्या कार्यक्रमास लाभलेले, आपले लाडके, तरुण तडफदार," असं सुरू झालं. मग शाल, नारळ, फेटा. एकाचा सत्कार केला की दुसऱ्याचा करावाच लागतो, नाहीतर पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसवा. तो झाला की 'दोन शब्द'. दोन शब्द संपेस्तोवर आमचा ॲम्प्लिफायर गार पडला होता आणि बजरंगनं पुढचा कार्यक्रम पुकारला.

मी त्या दिवशी स्टिक फेकून मारणार होते. सत्तारभाईंनी हात धरला. म्हणाले, "ताई, वरातीत मी उमर घालवली. लोक मधीच थांबवणारच. आपुन थांबायची जागाच बांधून ठिवू की."

आणि आम्ही खरंच बांधली. प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्याच्या आधी एक जागा. तिथं आलो की स्वप्नाली गायची थांबते, आदिनाथ बेसवर तेच चार सूर गोल गोल फिरवत राहतो, सत्तारभाई एका तारेवर बोट ठेवून ती गुणगुणत ठेवतात आणि मी ड्रमच्या काठावर टिकटिक करते. तेवढ्यात होऊ द्या कुणाचा सत्कार व्हायचा तो. आम्ही तिला नावच दिलं, सत्काराची जागा. कुणी आलं तर जागा लांबवायची, कुणी नाही आलं तर लगेच पुढं जायचं. लोकांचे हार-तुरे आमच्या तालावर पडायला लागले. बजरंगलाही ते आवडलं, मागं संगीत असलं की त्याचा आवाज भारदस्त वाटायचा. केज, धारूर, परळीकडं धर्मापुरीपर्यंत आम्हाला बोलावणी येऊ लागली, कारण पुढाऱ्यांना अडचण न करणारा बँड हा आमचा लौकिक झाला. बाहेर शहरात गेलो की सत्कार नसायचा, पण जागा असायची. पुण्यात त्या शांत जागेवर पोरं डोळे मिटून उभी राहिली. एकानं मला विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, बजरंगमुळं. त्याला वाटलं बजरंग म्हणजे कुणी मोठा संगीतकार असावा. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. मग आम्ही 'अर्धा कोयता' केलं.

हे गाणं माझ्या आईचं आहे. छबुबाई तिचं नाव. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मी वसतिगृहात असतानाच माझा बाप गेला, बेळगावकडं उसाच्या फडात साप चावून. पुढच्या दिवाळीत टोळ्या भरायला लागल्या तेव्हा आई मुकादमाच्या दारात गेली. मुकादम म्हणाला, "एकट्या बाईला नेऊन काय करू? तू अर्धा कोयता." आई तरी गेली. दुसऱ्या टोळीत, दुसऱ्या मुकादमाबरोबर, एकटी. तोडायची तीच, मोळी बांधायची तीच, डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढवायची तीच. असे किती हंगाम केले ते तीच जाणे. त्याच्यावर मी शिकले, नोकरीला लागले, आणि ड्रम वाजवायचे लाड पुरवून घेतले.

स्वप्नालीनं आईजवळ बसून सगळं ऐकलं आणि शब्द लिहिले. पहिली दोन कडवी मुकादमाच्या तोंडची. त्यांना सत्तारभाईंनी असा उद्दाम, छाती काढून चालणारा बाज दिला की पाय थांबत नाहीत.

जोडी असंल तर ये गं बाई,
एकटीचं हितं काम न्हाई,
अर्धा कोयता, अर्धा कोयता,
मोजायला कुणी थांबत न्हाई.

आणि शेवटचं कडवं आईचं. मुकादमाला उत्तर. आणि ते आम्ही ठेवलं सत्काराच्या जागेनंतर. सवयच तशी पडली होती, चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुण्यात, संभाजीनगरात, नाशकात आख्खं गाणं वाजलं आणि लोकांनी उत्तर ऐकलं. नांदूरघाटात दर वेळी जागेवर कुणीतरी पुढारी आला, दोन शब्द झाले, बजरंगनं पुढचा कार्यक्रम पुकारला आणि उत्तर राहून गेलं. गावानं ऐकला फक्त मुकादम. त्यातच कुणीतरी त्या नाचायच्या तुकड्याचं रील बनवलं आणि ते गल्लीगल्लीत वाजायला लागलं. लग्नात लोक 'अर्धा कोयता' म्हणत नाचू लागले. आम्ही फुशारलो. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी आईला घेऊन पिठाच्या गिरणीत गेले. रांगेत चार-पाच माणसं होती. त्यातला एक जण आईकडं बघून गिरणीवाल्याला म्हणाला, "आला बघ अर्धा कोयता. अर्धंच दळ बे तिचं." सगळे हसले. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. गाण्यातलंच तर म्हणत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण गिरणीचा पट्टा बंद झाला एवढं नक्की.

आईनं डबा भरून घेतला, डोक्यावर ठेवला आणि चालायला लागली. घरी आल्यावर मी विचारलं, हे किती दिवस चाललंय? म्हणाली, "गाणं आलं तवापसून." किराणा दुकानात, दवाखान्यात, बचत गटाच्या बैठकीत. पोरं तर मागं मागं गात यायची. मुकादमानं हा शब्द एकदा म्हटला होता, त्याच्या दारात, कुणाला न ऐकू जाता. आम्ही तो शब्द गावाच्या तोंडी बसवला होता.

"मग मला बोलली कावून न्हाईस?" मी म्हटलं.

"तुला लई आनंद झालता," आई म्हणाली.

मी मोबाईल काढला. म्हटलं, आख्खं गाणं आहे यात, शेवट ऐक तरी. तिनं मोबाईल बाजूला सारला. "मला कशाला ऐकवतीस? माझं मला म्हाईत हाय. गावाला म्हाईत न्हाई. गावाला ऐकवा. शेवटापस्तोर ऐकवा, न्हाईतर ते गाणं परत कुटंच वाजवू नका. पुण्यातबी न्हाई."

माझी आई कधी कुणाकडं काही मागत नाही. हे मागणं होतं आणि त्यात घासाघीस नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी हे सांगितलं तेव्हा सत्तारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. स्वप्नाली रडायला लागली, म्हणाली, मीच लिहिलं ते. आदिनाथ म्हणाला, सत्काराची जागाच काढून टाकू, सलग वाजवू. तसं करून पाहिलं. केजजवळ एका हॉटेलच्या उद्घाटनाला सलग वाजवलं. तिथल्या निवेदकानं जागेची वाट न बघता सरळ मधेच माईक घेतला. शिवाय त्या शांततेशिवाय आईचं कडवं अंगावर येत नव्हतं. मुकादमाचा तोरा उतरायला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे जागाही हवी होती आणि जागेवर कुणी यायलाही नको होतं. नांदूरघाटात हे होणं म्हणजे लग्नात कुणी रुसू नये म्हणण्यासारखं.

चैत्रातली यात्रा तोंडावर होती. तोवर टोळ्या कारखान्यांवरून परत येतात, गाव भरलेलं असतं. ऐकवायचं तर तेव्हाच. मी बजरंगच्या घरी गेले. स्वतःहून त्याच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ, त्यामुळं तो जरा घाबरलाच. मी सगळं सांगितलं. बजरंग वाईट नाही. ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे बघ ताई, आप्पा येणार हायेत सहाला. म्हंजी येणार आठला. तुमचं मी पाचलाच लावतो. साडेपाचला तुमचं संपतंय. आप्पांच्या आधी आलेल्या बारक्या मंडळींचा सत्कार मी नंतर एकदमच घेतो. शब्द दिला."

आप्पा म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. कुठल्याही कार्यक्रमाला वेळेवर आले असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. त्यामुळं बजरंगच्या शब्दात तथ्य होतं.

यात्रेच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात मांडव भरला. पुढं डावीकडं सतरंजीवर बाया, उजवीकडं खुर्च्या, मागं उभी माणसं आणि गाड्यांवर बसलेली पोरं. आई पहिल्याच रांगेत बसली होती, शेजारी हाफिजाभाभी. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. खुर्च्यांत पुढच्याच ओळीत आदिनाथचे वडील होते, आप्पांच्या पॅनेलचे. गिरणीतला तो माणूसही दिसला. मी त्याला बघून ठेवलं.

पाचची सुरुवात व्हायला साडेपाच झाले, ते चालायचंच. दोन गाणी नीट गेली. मग सत्तारभाईंनी 'अर्धा कोयता'चा बाज सुरू केला आणि मांडव उसळला. पोरं नाचायला लागली. 'अर्धा कोयता' ही ओळ आली की ती आरोळ्या ठोकत होती आणि माझ्या आईच्या दिशेनं बोटं दाखवत होती. आई समोर बघत बसली होती. मी इतकं जोरात कधी वाजवलं नसेल. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आम्ही जागेवर आलो. आदिनाथनं चार सूर फिरवायला घेतले, सत्तारभाईंचं बोट एका तारेवर आलं, मी काठावर टिकटिक धरली.

आणि मांडवाच्या तोंडाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. आप्पा आले होते. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी. नंतर कळलं की त्यांना पुढं एका साखरपुड्याला जायचं होतं.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. आप्पा मांडवात शिरले की सगळे उठून उभे राहतात. आप्पा पुढं येतात, पण बसत नाहीत. शाल खांद्यावर पडल्याशिवाय बसणं म्हणजे आपण असेच, न बोलावता आलो असं होतं. आणि आप्पा बसल्याशिवाय कुणी बसत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही नाही. त्यामुळं आप्पा आले की सत्कार पटकन उरकावा लागतो, नाहीतर सगळा मांडव ताटकळतो.

बजरंग स्टेजवर चढला. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता, मला दिलेला शब्द त्याला आठवत होता हे स्पष्ट दिसत होतं. पण वर्षानुवर्षांची सवय. त्याचा हात स्वप्नालीच्या माईककडं गेलाच. मागून एक पोरगा शाल-नारळाचं ताट घेऊन आला.

मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता काय होणार ते तिला ठाऊक होतं, एवढंच. तिला नेहमीच ठाऊक असतं. ते बघून माझ्यातलं काहीतरी तुटलं की जुळलं, मला सांगता येणार नाही. मी टिकटिक थांबवली आणि सगळा जोर लावून ड्रमवर हात टाकला. सत्काराच्या जागेत, जिथं आम्ही इतकी वर्षं मान खाली घालून टिकटिक केली होती, तिथं.

बजरंगनं तोंड उघडलं, पण त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसेल. स्वप्नालीनं माईक दोन्ही हातांनी छातीशी धरला. अंगणवाडीतल्या पोरांकडून खडू काढून घेताना ती ज्या नजरेनं बघते त्या नजरेनं तिनं बजरंगकडं बघितलं. सत्तारभाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, हसले आणि फाटका आवाज पूर्ण सोडला. राहिला आदिनाथ. त्याचे वडील खालून हातानं खुणा करत होते, बंद कर, बंद कर. आदिनाथ त्यांच्याकडं बघत होता आणि बोटं तेच चार सूर फिरवत होती. मग त्यानं वडिलांकडं पाठ केली आणि माझ्याकडं तोंड करून वाजवायला लागला. त्या पोराबद्दल मी आजवर पुष्कळ वाईटसाईट बोलले असेन. ते सगळं मी परत घेते.

बजरंग एक पाऊल मागं सरला. मी हात हलका केला. हलका म्हणजे माझ्या मानानं हलका. आणि स्वप्नाली गायला लागली.

ऊस मी तोडला, मोळी मी बांधली,
डोईवर घेऊन शिडी मी चढली,
मुकादमा, पुन्हा मोज रं एकदा,
अर्धी न्हाई मी, आख्खी भरली.

खाली आप्पा उभे होते. स्टेजच्या पायरीशी, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. त्यांना बसता येत नव्हतं, कारण शाल मिळाली नव्हती. शाल मिळत नव्हती, कारण गाणं संपत नव्हतं. आणि परत जावं तर सगळा मांडव बघत होता. म्हणून ते उभे राहिले. आप्पा उभे म्हणून सरपंच उभे, चेअरमन उभे, आदिनाथचे वडील उभे. नाचणारी पोरं थांबली आणि उभी राहिली. गिरणीतला माणूस उभा. बाया पदर सावरून उभ्या. कुणाला बोलता येईना, कुणाला हलता येईना. आम्ही ते कडवं एकदा नाही म्हटलं. आम्ही ते परत परत म्हटलं, कारण आता आम्हाला थांबवणारं कुणी नव्हतं, आणि प्रत्येक वेळी स्वप्नाली 'आख्खी भरली' जरा जास्त सावकाश म्हणत होती. नांदूरघाटनं ते कडवं उभ्यानं ऐकलं, जसं झेंडावंदनाला राष्ट्रगीत ऐकतात.

फक्त एक जण बसून होतं. माझी आई. हाफिजाभाभीनं तिचा दंड ओढला होता, "उठ गं छबुबाई, आप्पा आले." आई म्हणाली होती, "थांब, मी ऐकायले." हे भाभीनं मला नंतर सांगितलं. मला वरून दिसत होतं ते एवढंच, की सगळं गाव उभं आहे आणि पुढं सतरंजीवर हिरव्या लुगड्यातली माझी आई मांडी घालून बसली आहे. फडात, गाडीवर, मुकादमाच्या दारात ती सगळं आयुष्य उभी होती. मला वाजवताना रडू येत होतं आणि मी ते पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत, आरोळी नाही. लोकांना कळेना की आता काय करायचं. सत्तारभाईंची तार हळूहळू गुणगुणत थांबली. बजरंग कोपऱ्यात ताट धरून उभा होता, त्या पोराच्या हातातलं ताट केव्हा त्याच्या हातात आलं कुणास ठाऊक.

आप्पांनी घसा साफ केला. पुढारी माणूस, अडचणीतून वाट काढण्यात जन्म गेलेला. वर आमच्याकडं बघून, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "झालं का गाणं? बसू का आता?"

प्रश्न मला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून, सतरंजीवरून आवाज आला. फार मोठा नाही. फडात लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला आवाज.

"बसा आप्पा," माझी आई म्हणाली. "झालं गाणं."

आप्पा बसले. मग सरपंच बसले, चेअरमन बसले, खुर्च्यांची करकर झाली, आणि सगळं गाव माझ्या आईच्या आसपास खाली बसलं.